परसातलं आंबट सफरचंद

सफरचंद म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर लाल, चकचकीत आणि गोड फळ येतं. आजाऱ्याच्या भेटीला न्यायचं, फोडी करून खायचं. एखादं सफरचंद कैरीइतकं आंबट असतं, ते शिजवूनच खायचं असतं आणि तरीही लोक त्याच्यावर जीव टाकतात, असं कुणी सांगितलं तर आपल्याला ते चटकन पटत नाही. इंग्लंडमध्ये मात्र सफरचंदांचे सरळ दोन वर्ग मानतात. एक खायची सफरचंदं, दुसरी शिजवायची. खायच्या सफरचंदांत कॉक्स ऑरेंज पिपिनचा मान मोठा. शिजवायच्या सफरचंदांत घराघरांत एकच नाव घेतलं जातं, ते म्हणजे ब्रॅम्ली.

ही आंबट सफरचंदं आपल्याला अनोळखी का राहिली, याचंही कारण आहे. १८७० च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्यानं कुलूच्या खोऱ्यात बंद्रोल इथं इंग्लंडहून आणलेल्या झाडांची बाग लावली. त्या इंग्लिश जाती चवीला आंबटसर होत्या. इथल्या गिऱ्हाइकांना त्या फारशा रुचल्या नाहीत. पुढं १९१६ च्या सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनी सिमल्याजवळच्या कोटगढला अमेरिकेतली गोड डेलिशियस जात आणून लावली. ती लोकांना आवडली, डोंगरउतारावर पसरली आणि आपल्याकडं सफरचंद म्हणजे गोड फळ हे ठरूनच गेलं.

ब्रॅम्ली दिसायला काही देखणं नाही. हिरवं, थोडं चपटं, अंगावर उंचवटे असलेलं, उन्हाच्या बाजूला कधी लालसर झाक आलेलं. फळ चांगलंच मोठं, एका मुठीत न मावणारं. कच्चा घास घेतला तर डोळे आपोआप मिटतात. पण इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या घरांच्या मागच्या बागेत या जातीचं एखादं झाड हमखास असतं. आजोबांनी लावलेलं, मुलं ज्याच्या फांद्यांवर खेळून मोठी झाली असं. त्या झाडाचं फळ चवीनं कसं खातात, ते इतकी वर्षं टिकलं कसं आणि पुढं टिकायचं असेल तर काय करावं लागतं, हे आज पाहू.

गोष्ट सुरू होते १८०९ साली. नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या भव्य जुन्या चर्चमुळं ओळखलं जाणारं. या गावात चर्च स्ट्रीटवरच्या एका घरात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाची मुलगी राहत होती. तिनं सफरचंदाच्या काही बिया कुंडीत लावल्या. त्यातलं एक रोप जोमानं वाढलं, म्हणून ते परसात लावलं. पुढं लग्न होऊन मेरी अ‍ॅन ते घर सोडून गेली. १८५२ साली ती वारली, तेव्हा तिच्या झाडाला अजून नावसुद्धा मिळालेलं नव्हतं.

मधल्या काळात, १८४६ साली, ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. घराबरोबर झाडही त्याचं झालं. १८५६ साली हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा मुलगा या झाडापाशी येऊन पोचला. त्याच्या घरी रोपवाटिकेचा धंदा होता. त्यानं ती सफरचंदं पाहिली आणि या फळात काहीतरी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं ब्रॅम्लीकडं कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीनं हरकत घेतली नाही, पण एक अट घातली. या सफरचंदाला माझं नाव द्यायचं. अशा रीतीनं बी लावणारी मेरी अ‍ॅन बाजूला राहिली आणि घरमालकाचं नाव अजरामर झालं. जातीचं पूर्ण नाव आहे ‘ब्रॅम्लीज सीडलिंग’, म्हणजे ब्रॅम्लीचं बियांपासून उगवलेलं रोप. नावातलं पहिलं पद ब्रॅम्लीचं. दुसऱ्या पदात, नाव न घेता का होईना, मेरी अ‍ॅनची आठवण आहे असं म्हणता येईल.

मेरीवेदरच्या वहीत या फळाच्या विक्रीची पहिली नोंद १८६२ च्या ऑक्टोबरमधली आहे. १८७६ च्या डिसेंबरमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळ समितीपुढं ते फळ ठेवलं गेलं आणि समितीनं त्याची खास वाखाणणी केली. त्यानंतर ब्रॅम्लीची कलमं देशभर जाऊ लागली. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात तर ते इतकं रुजलं, की २०१२ साली ‘आर्मा ब्रॅम्ली’ला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

आता मेरीवेदरनं बिया न मागता काड्याच का मागितल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सफरचंदाच्या बीपासून आईसारखं फळ मिळत नाही. सफरचंदाचं फूल स्वतःच्या परागकणांनी सहसा फळत नाही, त्याला दुसऱ्या जातीच्या झाडाचे परागकण लागतात. म्हणजे प्रत्येक बी हे दोन वेगळ्या झाडांचं अपत्य. एका फळात सात-आठ बिया असल्या तर त्या सात-आठ भावंडांसारख्या, एकमेकींपासून वेगळ्या. त्यातली बहुतेक झाडं सामान्य फळं देतात. मेरी अ‍ॅनच्या कुंडीत असं नामी रोप निघालं हा निव्वळ योगायोग होता.

असा योगायोग हाती लागल्यावर तो टिकवायचा मार्ग एकच, कलम. मूळ झाडाची काडी घ्यायची, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधायची आणि दोन्ही जिवंत थर एकजीव होऊ द्यायचे. मुळं खुंटाची, फळ काडीचं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, म्हणून रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी चढवतात. गोव्यात पोर्तुगीज काळात आंब्याच्या कलमांची परंपरा रुजली, त्यातूनच हापूस आपल्यापर्यंत आला. ब्रॅम्लीचंही तेच. जगात कुठंही ब्रॅम्लीचं झाड उभं असो, त्याचा वरचा भाग हा साउथवेलच्या त्या एका झाडाचाच वाढलेला अंश आहे. त्या अर्थानं मूळ झाड आणि परसातलं झाड यांच्यात आई-मुलाचं नातं नाही. ते एकच झाड आहे, अनेक ठिकाणी उभं असलेलं.

याचं आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. न्यूटनच्या घरच्या बागेतलं ते प्रसिद्ध झाड ‘फ्लॉवर ऑफ केंट’ या जातीचं. हेही शिजवायचंच सफरचंद. लिंकनशायरमधल्या वुल्सथॉर्पला १८२० साली हे झाड वादळात कोसळलं, पण पडल्या खोडातून पुन्हा वाढलं. त्याच्या कलमी वंशातली रोपं जगात अनेक विज्ञानसंस्थांनी लावली. त्यांत पुण्याची ‘आयुका’ही होती. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं ती रोपं संस्थेच्या आवारात लावली होती. तेव्हा विद्यापीठ रस्त्यानं जाणाऱ्या कितीतरी जणांना आपण त्या झाडाच्या इतक्या जवळून जातो आहोत याची कल्पनाही नसेल.

ब्रॅम्ली परसात लावायचं तर काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. हे झाड मुळातच दांडगं आहे. मोकळं सोडलं तर सात-आठ मीटर सहज वाढतं आणि तेवढंच आडवंही पसरतं. म्हणून खुंट कोणता निवडायचा याला महत्त्व येतं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सफरचंदाच्या खुंटांची शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. त्यांना एम ९, एम २६ अशी नावं आहेत. एम ९ वर झाड बुटकं राहतं. मध्यम बागेसाठी एमएम १०६ हा खुंट लोकप्रिय आहे. जुन्या घरांमधली प्रचंड झाडं जोरकस खुंटांवरची आहेत. ती फळं द्यायला वेळ घेतात, पण एकदा लागली की पिढ्यान्‌पिढ्या देत राहतात.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. बहुतेक सफरचंदांच्या पेशीत ३४ गुणसूत्रं असतात, म्हणजे १७ चे दोन संच. ब्रॅम्लीमध्ये तीन संच आहेत, एकूण ५१. तीनाचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून या झाडाचे परागकण बहुतांशी निकामी निघतात. ब्रॅम्लीला दुसऱ्याकडून पराग घ्यावे लागतात, पण परतफेड करता येत नाही. म्हणून नुसतं एक जोडीदार झाड लावून भागत नाही. शेजारी दोन वेगळ्या जातींची झाडं असावी लागतात, म्हणजे ती दोघं एकमेकांना आणि ब्रॅम्लीला पराग पुरवतात. प्रत्यक्षात गावातल्या बागेत एवढा विचार करावा लागत नाही. चार घरं पलीकडं कुणाचं तरी सफरचंद असतंच, आणि कुंपण कुणाचं हे मधमाश्या विचारत नाहीत. एका घरचं झाड फळतं ते शेजाऱ्यांच्या झाडांच्या भरवशावर. म्हणूनच शेजारचं जुनं झाड तोडलं गेलं, की आपल्या झाडाचं फळ कमी झालं अशी तक्रार तिथं ऐकू येते.

मे महिन्यात ब्रॅम्ली फुलतो. गुलाबी कळ्या, उमलल्यावर पांढरट गुलाबी फुलं. याच दिवसांत रात्री दहिवर गोठलं तर फुलं करपतात आणि वर्ष फुकट जातं. जूनमध्ये झाड स्वतःहून बरीच लहान फळं टाकून देतं. ही गळ पाहून नवखा माणूस घाबरतो, पण झाडाला पेलवेल तेवढंच ते ठेवत असतं. तरीही घोस दाट असतील तर काही फळं हातानं काढतात, म्हणजे उरलेली नीट भरतात. काही झाडांना एक वर्ष आड फळायची सवय लागते. आपल्या हापूसची हीच खोड कोकणात चांगली माहीत आहे.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी. फळ तयार झालं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. फळ तळहातावर घ्यायचं, किंचित वर उचलून हलकेच पिळायचं. देठासकट हातात आलं तर तयार, अडलं तर आणखी थांबायचं. कापून पाहिलं तर बिया तपकिरी झालेल्या दिसायला हव्यात. ओढून तोडलेल्या फळाचा देठ निघतो आणि तिथूनच ते नासायला लागतं.

यानंतर येतो साठवणीचा भाग, आणि इथं मराठी माणसाला एकदम घरच्यासारखं वाटेल. आपण आंब्याची अढी घालतो, तशीच तिथं सफरचंदांची घालतात. हेतू मात्र उलटा. आपल्याला आंबा पिकवायचा असतो, त्यांना सफरचंद लवकर पिकू द्यायचं नसतं. म्हणून जागा थंड हवी, अंधारी हवी, थोडी दमट हवी, पण बर्फ गोठेल इतकी गार नको. जुन्या घरांत माळा, तळघर किंवा बागेतली लाकडी खोली यासाठी वापरतात. फळांवर एकही डाग किंवा मार नसावा. प्रत्येक फळ वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं किंवा फळ्यांच्या ट्रेमध्ये एकमेकांना न लागेल असं एका थरात मांडायचं. आठवड्याला एकदा चाळवायचं आणि बिघडलेलं लगेच बाहेर काढायचं. एक नासका आंबा अढी नासवतो, ही आपली म्हण इथं शब्दशः खरी ठरते. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्यानं शेजारची फळंही पिकायला लागतात. शिवाय बुरशी एका फळावरून दुसऱ्यावर जाते.

नीट ठेवलेलं ब्रॅम्ली मार्चपर्यंत टिकतं. आणि या काळात ते बदलतं, यातच घरच्या झाडाची खरी मजा आहे. ऑक्टोबरातलं फळ टणक, हिरवंगार, कमालीचं आंबट. नाताळापर्यंत रंग पिवळसर व्हायला लागतो, सालीला तुपकट हात लागतो. काहींना ते बिघडल्यासारखं वाटतं, पण तो फळाचा नैसर्गिक मेणचट थर असतो. फेब्रुवारीत आंबटपणा बराच उतरतो. तेव्हा काही जण चीजच्या तुकड्याबरोबर हे फळ कच्चंही खातात. दुकानातलं ब्रॅम्ली नियंत्रित हवेच्या शीतगृहातून येतं, त्यामुळं वर्षभर साधारण एकाच अवस्थेत मिळतं. एकाच फळाच्या एवढ्या अवस्था चाखायला मिळतात त्या ज्याच्या घरी झाड आहे त्याला, नाहीतर ज्याचा शेजारी उदार आहे त्याला.

आता स्वयंपाकघरात जाऊ. गोड खायचं सफरचंद शिजवलं, तर फोडी बऱ्याचशा आकार धरून राहतात, आणि साखर घातली की चव मिळमिळीत होते. ब्रॅम्लीच्या फोडी पातेल्यात चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ठेवल्या, की दहा मिनिटांत फुगतात आणि ढगासारखा हलका गर होतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं सुटतं आणि पेशी विलग होतात. या फळात मॅलिक आम्ल भरपूर आणि साखर कमी, म्हणून वरून साखर घातली तरी सफरचंदाचा स्वाद हरवत नाही. कैरीचा मेथांबा गूळ घालूनही कैरीचाच लागतो, तसंच हे.

सगळ्यात सोपा पदार्थ म्हणजे भाजलेलं सफरचंद. मधला गाभा पोखरून काढायचा, पोकळीत बेदाणे, ब्राउन शुगर आणि लोण्याचा गोळा भरायचा. कमरेभोवती सुरीनं सालीला एक चीर द्यायची, नाहीतर गर फुगून फळ फुटतं. मग ओव्हनमध्ये पाऊण तास. दुसरा पदार्थ क्रंबल. तळाशी साखर घातलेल्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखर बोटांनी चोळून केलेला भुगा. मैद्याच्या निम्मं लोणी आणि निम्मी साखर हे साधारण प्रमाण. दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगच्या काळात पायच्या पारीला लागणारं लोणी परवडेना, तेव्हा क्रंबल घरोघरी रूढ झालं असं मानतात. वर गरम कस्टर्ड ओतून ते खातात. रविवारच्या जेवणाचा शेवट त्यानंच. कापलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून आपण वांग्याच्या फोडी पाण्यात टाकतो, तसं इथं लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकतात.

मार लागलेली, गळून पडलेली फळं वाया जात नाहीत. त्यांचा बाधित भाग काढून चटणी होते. इंग्रजी ‘चटणी’ हा आपलाच शब्द, भारतातून तिकडं गेलेला. पण तिथं गेल्यावर तिनं वेश बदलला. सफरचंद, कांदा, बेदाणे, आलं, ब्राउन शुगर आणि व्हिनेगर घालून तास-दीड तास आटवलेली ती दाट, काळपट चटणी बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवतात. इंग्लंडमधल्या मराठी बाईच्या हातात ब्रॅम्ली पडलं, तर तिला आधी कैरीच आठवावी यात नवल नाही. मोहरी, हिंग, हळद, तिखट घालून केलेलं या सफरचंदाचं ताजं लोणचं कैरीच्या लोणच्याची हौस बऱ्यापैकी भागवतं. मात्र फोडी लवकर मऊ पडतात, म्हणून ते चार-सहा दिवसांत संपवावं लागतं.

एक मोठं झाड चांगल्या वर्षी एवढं देतं, की एका कुटुंबाला ते संपत नाही. मग इंग्लंडच्या गल्ल्यांमध्ये शरद ऋतूत फाटकाबाहेर सफरचंदांच्या पेट्या दिसू लागतात. वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘हवी तेवढी न्या’. एरवी शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडं न बोलणारी माणसं त्या पेटीपाशी थांबतात आणि कुणी काय केलं याची चौकशी करतात. उरलेली गळ गवतात पडून राहते आणि थंडीत काळे पक्षी तिच्यावर जगतात.

इतकं सगळं असूनही हे चित्र आता आक्रसत चाललं आहे. नॅशनल ट्रस्टनं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या पारंपरिक फळबागांपैकी सुमारे ८० टक्के १९०० नंतर नाहीशा झाल्या. जागेला भाव आला, घरं बांधली गेली, बागा लहान झाल्या. दुकानात गाला, ब्रेबर्न अशी परदेशी मुळाची, गोड, एकसारख्या आकाराची सफरचंदं आली. शिजवायला वेळ कुणाला आहे, हाही प्रश्न आहेच. व्यापारात ब्रॅम्ली अजून तग धरून आहे, कारण पाय बनवणाऱ्या कारखान्यांना ते लागतं. पण अशा शेकडो जाती आहेत ज्यांच्यामागं कुणी कारखाना नाही. ‘अ‍ॅनी एलिझाबेथ’ नावाचं एक शिजवायचं सफरचंद आहे. लेस्टरच्या एका गृहस्थानं आपल्या परसातल्या या जातीला तान्हेपणी गेलेल्या आपल्या मुलीचं नाव दिलं. ती जात आज टिकून आहे ती काही रोपवाटिका आणि काही घरं यांच्यामुळं.

हे ध्यानात घेऊन ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेनं २१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला ‘सफरचंद दिन’ भरवला. तेव्हापासून ऑक्टोबरात गावोगावी असे दिवस साजरे होतात. त्यातलं सगळ्यात गर्दीचं टेबल असतं जात ओळखून देणाऱ्या तज्ज्ञाचं. लोक घरच्या झाडाची फळं पिशवीतून घेऊन येतात. झाड आजोबांनी लावलेलं असतं, पण नाव कुणाला ठाऊक नसतं. तज्ज्ञ फळ उभं कापतो, देठाकडचा खळगा पाहतो, खालचा डोळा पाहतो, वास घेतो, चव घेतो आणि नाव सांगतो. केंटमध्ये ब्रॉगडेल इथं राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथं दोन हजारांहून अधिक जातींची सफरचंदं जपली आहेत. तिथल्या नोंदींशी आता पानांतल्या डीएनएचीही तुलना करता येते. कधीकधी नाव सापडतच नाही, आणि ते झाड त्या जातीचं शेवटचं उरलेलं असण्याची शक्यता पुढं येते.

आणि साउथवेलचं मूळ झाड? १९०० च्या सुमारास तेही वादळात आडवं झालं. सगळ्यांनी आशा सोडली, पण जमिनीला टेकलेल्या फांदीनं मुळं धरली आणि झाड पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर शंभर वर्षं ते फळत राहिलं. पुढं ‘हनी फंगस’ नावाच्या बुरशीनं त्याला गाठलं. ही बुरशी मुळं आणि खोड आतून पोखरते, तिच्यावर औषध नाही. १९९० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या झाडाच्या पेशींपासून ऊतिसंवर्धनानं रोपं तयार केली. ही रोपं खुंटावर चढवलेली नाहीत, स्वतःच्या मुळांवर उभी आहेत. २०१६ साली मूळ झाड मरणपंथाला लागल्याच्या बातम्या आल्या. नंतर नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठानं त्या घराची आणि झाडाची देखभाल हाती घेतली. झाड वाचवणं कुणाच्याच हातात नाही, पण त्याचा शेवटचा काळ सुखाचा जावा एवढी काळजी घेतली जाते.

हे झाड गेलं तरी ब्रॅम्ली जाणार नाही, कारण त्याच्या काड्या वेळेवर घेतल्या गेल्या. १८५६ साली तो सतरा वर्षांचा मुलगा दारात आला नसता, तर ही चव एका परसात उगवून तिथंच संपली असती, आणि कुणाला काही गमावल्याचं कळलंही नसतं. फळाची जात टिकते ती तीन माणसांमुळं. बी लावणारा, काडी मागणारा आणि ते फळ आवडीनं खाणारा. यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. खाणारा उरला नाही, तर काडी मागायला कुणी येत नाही.

आपल्या गावोगावच्या रायवळ आंब्यांना हे तंतोतंत लागू आहे. घरामागचा बिटकी, वाटेवरचा शेंदऱ्या, विहिरीवरचा खोबऱ्या अशी घरातल्यांनीच ठेवलेली नावं. प्रत्येक झाड बियांपासून उगवलेलं, म्हणून जगात त्याच्यासारखं दुसरं नाही. रस्तारुंदीत किंवा घराच्या बांधकामात ते झाड पडलं, की तो आंबा कायमचा गेला. एखाद्याची चव खरंच आवडत असेल, तर मूळ झाड उभं आहे तोवर त्याच्या काड्या ओळखीच्या रोपवाटिकेत न्याव्यात आणि दोन-चार कलमं बांधून घ्यावीत. एक आपल्याकडं ठेवावं, बाकीची शेजारीपाजारी द्यावीत. वादळं कुणाला सांगून येत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)